न जोडलेल्या नसा

त्याला सगळे काटा म्हणायचे. काटा म्हणजे तराजूचा. मटणाच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून त्याच्या हाताला वजन कळायला लागलं होतं. गिऱ्हाइकानं पाऊण किलो मागितलं की सत्तूर एकदाच पडायचा आणि पारड्यात पाऊण किलोच चढायचं. कधी वीस ग्रॅम जास्त भरलं तर तो आधी तराजूकडे संशयानं बघायचा, मग हाताकडे. "तराजूचा काटा की पायातला, ते मला विचारा," असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती घरी बसून तयार कपड्यांना काज-बटणं करायची. काजं मशीनवर, बटणं हातानं. पन्नास शर्टांचा एक गठ्ठा, असे आठवड्याला चार.

दुकान लहानसंच होतं. खांद्याएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, मटण टांगायचे तीन आकडे आणि मधोमध खड्डा पडलेला लाकडी ओंडका. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर काटा ओंडका खरवडत होता, तेवढ्यात पोटातून काहीतरी गरम वर आलं आणि तोंडातून भळकन रक्त पडलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हलली नाहीत. मटणाच्या दुकानात रक्त सांडलं तर त्यात कुणाला काय वाटणार? एक तर म्हणाला, "काका, जरा मऊ भाग बघून द्या." काटा फरशीकडे बघत राहिला. रोज बघायचा तो रंग हा नव्हता. हा काळपट होता, आणि त्यात गाठी होत्या.

"हे माझं आहे," तो म्हणाला आणि आकडा धरून खाली बसला.

इस्पितळात कळलं की यकृत वाळून गेलंय. कधीकाळी, बहुधा तरुणपणी, कावीळ होऊन गेली असणार. तिचं बीज आत तसंच राहिलं आणि वीस-पंचवीस वर्षं गुपचूप कुरतडत बसलं. काट्याचा विश्वासच बसेना. आयुष्यात तो दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. पण भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकला की हळूच विचारायचा, "किती घेत होतास रे?" सख्ख्या मावशीनं सुद्धा विचारलं. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

नवं यकृत बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आठ महिने वाट बघितली. मग एका सकाळी फोन आला: निघा, जसे असाल तसे निघा. कुणीतरी अनोळखी माणूस गेला होता आणि त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं होतं. कोण, कुठला, कशानं गेला, हे इस्पितळ सांगत नाही. काट्याला एवढंच समजलं की ते यकृत बर्फाच्या डब्यातून आलं आणि सहा तास कुणाच्याच अंगात नव्हतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. सहा तास ते होतं तरी कुणाचं?

ऑपरेशन बारा तास चाललं. काटा वाचला. घरी आला तेव्हा इतका हलका झाला होता की बायकोनं एका हातानं त्याला पायऱ्या चढवल्या. मग नियम सुरू झाले. शरीरानं नवं यकृत परकं समजून झिडकारू नये म्हणून घड्याळ लावून गोळ्या. गर्दीत तोंडाला मास्क. आणि एक वर्ष कच्च्या मटणाला हात लावायचा नाही, दुकानाची पायरी चढायची नाही, कारण त्या गोळ्यांनी अंगातली झुंजायची ताकद कमी होते. दुकान मेहुण्यानं चालवायला घेतलं. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेला, दणकट, पण सत्तूर चालवायचा तो लाकडं फोडल्यासारखा. काटा रोज समोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसायचा आणि प्रत्येक घावाला डोळे मिटून घ्यायचा.

घरी बायको त्याचं जेवण मोजून द्यायची. पाव इतका, बटाटा इतका, सूप एक वाटी. तरी जेवणानंतर तासाभरानं त्याच्या घशाला कोरड पडायची, डोकं जड व्हायचं. साखर वर जाते, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांमुळे होतं तसं, म्हणाले. त्यानं मान डोलावली आणि विषय सोडला.

पाचव्या महिन्यात तपासणीला गेला तेव्हा बायको औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती आणि तो बाकावर एकटा बसला होता. एक तरुण डॉक्टरीण त्याच्याशेजारी येऊन बसली. चष्मा डोक्यावर सरकवलेला, छातीशी फाईल. आपण इथे संशोधनाचं काम करतो, असं तिनं सांगितलं. औषध देत नाही, फक्त मोजमाप करते.

"तुम्ही आमच्या अभ्यासात याल का?" तिनं विचारलं. "एक दिवस यायचं, आम्ही देऊ ते जेवायचं आणि थोडं थोडं रक्त द्यायचं. जेवणानंतर यकृत कसं काम करतं ते बघायचंय. म्हणजे नसा नसताना कसं करतं ते."

"कुणाला नसा नसताना?"

"तुमच्या यकृताला."

काटा हसला. "डॉक्टर, सकाळी सकाळी थट्टा करू नका."

तिनं चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. आता तिचाच चेहरा उतरला होता. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तुम्ही सह्या केल्यात त्या कागदांत असेल."

"चौदा पानं होती. तेव्हा मला माझं नाव धड लिहिता येत नव्हतं. पण नसा नाहीत म्हणजे काय? मग रक्त कुठून जातं?"

"नाही नाही, रक्ताच्या त्या शिरा. त्या जोडल्यात. धमनी जोडली, पित्ताची नळी जोडली. मी म्हणते ते मज्जातंतू. मेंदूकडून येणारे धागे. जुनं यकृत काढताना ते कापले जातात, आणि नव्याचे जोडत नाहीत. कुणाचेच जोडत नाहीत. कुठल्याच इस्पितळात नाही."

काट्याला वाटलं, बाक खालून सरकला. त्यानं आपोआप उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

"म्हणजे माझ्या काळजाला काही कळतच नाही?"

"काळजाला नाही, यकृताला."

"आमच्या धंद्यात त्यालाच काळीज म्हणतात."

तिनं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. घास पोटात गेला की त्यातली साखर आतड्यातून एका मोठ्या शिरेत उतरते आणि ही शीर थेट यकृतात शिरते. बाकीच्या अंगाला मिळायच्या आधी सगळा माल यकृताच्या दारातून जातो. त्या शिरेच्या भिंतीत बारीक धागे असतात. तिथे साखर वाढली की ते मेंदूला खबर देतात. मग मेंदूकडून यकृताला उलट निरोप येतो: जेवण आलंय, आता साखर सोडायचं थांबव आणि आत भरून ठेवायला घे.

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात हे निरोप जात नाहीत आणि येतही नाहीत. पण घाबरू नका. साखर रक्तातून स्वतः पोचतेच. इन्सुलिनही रक्तातूनच पोचतं. यकृत त्यावर काम करतं. थोडं उशिरा करतं का, थोडं कमी करतं का, तेच आम्हाला मोजायचंय."

पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. तो उठला, रांगेतल्या बायकोचा दंड धरला आणि म्हणाला, "चल." वाटेत तिनं चारदा विचारलं. त्यानं चारही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

दुपारी ताट पुढ्यात आलं. त्यानं पावाचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. हा तुकडा आता खाली जाणार. आत ते परकं काळीज बसलंय आणि जेवण आल्याचं त्याला सांगायला कुणीही नाही. बंद घरासमोर माल उतरवून गाडी निघून गेल्यासारखं. त्यानं तुकडा परत ताटात ठेवला. संध्याकाळी अर्धी वाटी सूप घेतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं गोळ्याही रिकाम्या पोटीच गिळल्या, तेव्हा बायकोनं मशीन बंद केलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"आता बोलता की तुमच्या मेहुण्याला बोलावू?"

त्यानं सांगितलं. ती सुई बोटांत तशीच धरून ऐकत राहिली.

"जोडलं नाही म्हणजे?" तिचा आवाज चढला. "अहो, माझ्याकडून एका शर्टाचं एक बटण राहिलं ना, तर सगळा गठ्ठा तोंडावर फेकतात माझ्या! आणि हे? माणसाच्या पोटात अर्धवट शिवून घरी पाठवलं?"

"कुणाचंच जोडत नाहीत म्हणे."

"म्हणजे सगळ्यांचंच अर्धवट!"

ती इस्पितळात जाऊन जाब विचारायची भाषा करू लागली. काट्याला मात्र दुसराच प्रश्न छळत होता. तीस वर्षांत त्यानं हजारोंनी काळजं हाताळली होती. कापली, धुतली, तोलली. त्यात धागे कधी दिसले कसे नाहीत? खोटं बोलत असतील तर? आणि खरं असेल तर आपण तीस वर्षं बघत काय होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गठ्ठे पोचवायला गेली आणि काटा फुटपाथवरच्या स्टुलावरून उठून रस्ता ओलांडून थेट दुकानात शिरला. मेहुण्याच्या हातातला सत्तूर हवेतच राहिला.

"भावजी! ताई मला सोलून इथेच टांगेल!"

"मी हात लावत नाही. लांबून बघतो. आजच्या बोकडाचं काळीज आहे ना? देठासकट पाहिजे मला. जठर, आतड्याचा तुकडा, सगळं लागलेलं."

देठ म्हणजे काळजाच्या खालच्या अंगाला जिथून शिरा आत शिरतात तो चरबीत गुंडाळलेला जाड पदर. दुकानात तो एका फटक्यात उडवून टोपलीत टाकतात. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मेहुण्यानं ते सगळं ओंडक्यावर मांडलं आणि काटा तीन हात लांब, मास्क लावून, सूचना द्यायला लागला. "चरबी बाजूला कर. ओढू नकोस, सोड. अरे सोड! टोकानं उचल." मेहुण्याची बोटं जाडजूड. पहिल्याच ओढीला निम्मा देठ फाटून आला.

काट्याच्यानं राहवेना. त्यानं खोक्यातले हातमोजे काढले, एकावर एक दोन जोड्या चढवल्या, सर्वांत लहान सुरी घेतली आणि ओंडक्यावर वाकला. पाच महिन्यांनी हातात सुरी आली होती. चरबीचा एकेक पापुद्रा त्यानं सुरीच्या टोकानं सोडवला. निळसर मोठी शीर दिसली. पित्ताची हिरवट नळी दिसली. त्यांच्यामध्ये बारीक, पांढरी, टणक धमनी. आणि त्या धमनीच्या अंगावर त्याला ते दिसलं. पांढरे धागे. कोळ्यानं जाळं विणावं तसे धमनीला सगळीकडून बिलगलेले, एकमेकांत गुंतलेले, आणि तिच्याबरोबर काळजाच्या आत नाहीसे होत गेलेले.

"आई गं," तो पुटपुटला.

मेहुणा वाकून बघायला लागला. "काय आहे हे?"

"रोज टोपलीत टाकतो ते."

नेमकी त्याच वेळी बायको दारात येऊन उभी राहिली. रिकाम्या पिशव्या काखेत होत्या. नवऱ्याच्या हातात सुरी आणि समोर उघडं मटण तिनं बघितलं. मग आवाज फुटला तो असा की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आठ महिने देव पाण्यात घालून बसले होते ते यासाठी का? परत तिथे झोपायचंय का? आणि तू रे, तुला लाज नाही वाटत? मेहुणा ओंडक्यामागे सरकला.

काटा फक्त बाजूला झाला आणि सुरीच्या टोकानं एक धागा उचलून धरला. "हे बघ. हे जोडायचं राहिलंय माझं."

ती रागातच पुढे आली. वाकली. मग आणखी वाकली. दोनदा डोळे चोळले, पापण्या बारीक केल्या. शिवणाऱ्या माणसाचं बघणं वेगळं असतं. धागा दिसला की तो कितीचा, कसला, कुठल्या सुईत जाईल, हे आधी मनात येतं. तिनं सुरी थोडी उजेडाकडे वळवायला लावली.

"असे किती?"

"मोजता येत नाहीत."

"आणि माणसाचे पण एवढेच बारीक?"

"असतील. माणसाचं काळीज काही एवढं मोठं नसतं याच्यापेक्षा. दुप्पट-तिप्पट धर."

ती ताठ उभी राहिली. तिचा राग कुठे गेला कोण जाणे. "हे शिवता येणार नाही," ती म्हणाली. "कुणाच्या बापाला येणार नाही. याला भोक पाडायला गेलं तर हेच तुटेल. आणि यातला कुठला कुठल्याला जोडायचा, ते कोण सांगणार?" मग हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "त्यांनी टाका सोडला नाही हो. टाका बसण्यासारखंच नाही ते."

काट्यानं सुरी खाली ठेवली. डॉक्टरीण जे अर्धा तास सांगत होती ते त्याला आता कुठे पटलं. त्यानं हात कोपरापर्यंत साबणानं दोनदा धुतले, बायकोच्या देखरेखीखाली तिसऱ्यांदा धुतले, आणि घरी जाऊन अख्खं ताट संपवलं.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून त्या डॉक्टरिणीच्या खोलीत गेला. "घ्या रक्त," म्हणाला. "मलाही बघू दे, ते आत काय करतं."

तिला आनंद झाला. मग तिनं बायकोकडे बघून विचारलं, "तुम्ही पण याल? आम्हाला तुलनेसाठी धडधाकट माणसं लागतात. ज्यांचं यकृत त्यांचंच आहे, नसा जागेवर आहेत, वय सारखं आहे. एकाच घरातलं, एकच खाणारं माणूस मिळालं तर फारच बरं."

"मी? मला काय झालंय?" बायको म्हणाली.

"काही झालेलं नाही, म्हणूनच तर."

"घ्या की. सुईला मी काय भिणार? जन्म सुईतच गेला."

त्या दिवशी दोघं सकाळी उपाशीपोटी गेले. शेजारी-शेजारी दोन आरामखुर्च्या. हाताच्या शिरेत एकदाच बारीक नळी बसवली, पुढे तिच्यातूनच रक्त घ्यायचं. उपाशीपोटीची साखर तिथल्या तिथे बघितली. दोघांची ठीक. बायकोची जरा काठावर होती, पण डॉक्टरीण म्हणाली, चालेल. मग दोघांसमोर सारखेच ट्रे आले. मोजलेला पाव, दोन उकडलेली अंडी, थोडं लोणी, एक पेला गोड रस. दहा मिनिटांत संपवायचं.

काटा खाता खाता बायकोकडे बघत होता. काहीतरी विचित्र वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. ती बसून जेवत होती. त्याच्याबरोबर, त्याच्याएवढंच, त्याच्यासमोर. असं त्यानं तिला शेवटचं कधी बघितलं होतं? आजारपणात ती इस्पितळाच्या पॅसेजमध्ये चहा-बिस्किटांवर दिवस काढायची. घरी त्याचं ताट तोलून झालं की उरलंसुरलं मशीनजवळ उभ्या उभ्या तोंडात टाकायची आणि वर चहा, त्यात तीन चमचे साखर. 'अंगात त्राण राहत नाही हो नाहीतर,' असं म्हणायची.

दर पंधरा मिनिटांनी परिचारिका येऊन दोघांचं रक्त नेत होती. तासाभरात बायकोला झोप लागली. तोंड उघडं टाकून चांगली घोरायला लागली. "हिला आता कळेल धडधाकट माणसाचं रक्त किती महाग असतं," असा विनोद काट्यानं परिचारिकेकडे केला. ती हसली.

दोन तास झाले तेव्हाचं रक्त घेऊन डॉक्टरीण कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेली. तिथेच उभी राहिली. मग दुसऱ्या यंत्रावर तपासलं. मग परत आली, बायकोचं बोट ओल्या कापसानं पुसलं, टोचलं आणि तिसऱ्यांदा तपासलं. काट्यानं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचत जन्म काढला होता.

"माझी फार वाढलीय ना?" त्यानं विचारलं. "सांगा, सवय आहे मला."

"तुमची एकशे अठ्ठ्याऐंशी आहे. तुमच्या गोळ्यांच्या मानानं वाईट नाही." तिनं बायकोच्या खुर्चीकडे मान वळवली. "यांची दोनशे एकाहत्तर."

"बाटल्या बदलल्यात तुम्ही," काटा ताबडतोब म्हणाला. "तिची माझी अदलाबदल झालीय. बघा परत."

"तीनदा बघितलं. शेवटचं बोटातून घेतलं, तुमच्यासमोर."

बायकोला जाग आली होती. ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "कुणाची दोनशे एकाहत्तर?"

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"माझी?" ती सरळ बसली. "अहो, पण माझ्या नसा तर जागेवर आहेत ना?"

"आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "सगळ्या आहेत. निरोपही जात असणार. पण तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये. मधुमेह आहे, बहुधा बरेच दिवसांपासून. तहान लागते? डोळ्यांना अंधुक दिसतं? एखादी जखम बरी होत नाही, असं काही?"

बायकोनं फक्त डावा पाय साडीखाली ओढून घेतला. डॉक्टरिणीनं खाली वाकून विचारलं, बघू का? चप्पल काढली. करंगळीशेजारच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, शर्टाच्याच कापडाची, छान टाका घालून पक्की केलेली. ती सोडली आणि काट्यानं बघितलं. मांस कधी ताजं असतं आणि कधी नसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून उभा राहायला गेला आणि नळीचं भान नसल्यामुळे ती सुटली. फरशीवर रक्ताचे थेंब पडत राहिले, तो बघत राहिला.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"दोन महिने असतील. दुखत नाही हो. दुखत असतं तर सांगितलं नसतं का?"

"दुखत नाही, हेच वाईट," डॉक्टरीण हळूच म्हणाली.

त्याच दिवशी तिला वरच्या मजल्यावर भरती केलं. पायाचे डॉक्टर म्हणाले, आणखी तीन आठवडे गेले असते तर बोट गेलं असतं, कदाचित पायाचा पुढचा भागही. काटा हे ऐकून पॅसेजमधल्या त्याच बाकावर बसला जिथे ती त्याच्यासाठी बसायची. तिथे चहाचं यंत्र होतं. बटण दाबलं की गोड चहाच यायचा, दुसरा पर्यायच नव्हता. तिनं इथे किती पेले प्यायले असतील? पाच महिने घरातली प्रत्येक वाटी, प्रत्येक चमचा मोजला जात होता, आणि ते सगळं मोजमाप एकाच ताटाचं होतं. तो बाकावर दोन तास बसून होता. परिचारिकेनं येऊन त्याच्या गोळ्यांची वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्याला ऐकूच आलं नाही. तिनं खांद्याला हात लावला तर दचकला.

बोट वाचलं. नऊ दिवसांनी बायको घरी आली. दोघांच्या औषधांसाठी एकच डबा आणला, वर खडूनं रेघ मारून. डावीकडे त्याच्या, उजवीकडे तिच्या. जेवायला दोघं एकदम बसायचं, असं काट्यानं जाहीर केलं. पहिले काही दिवस ती तीनदा उठायची, काहीतरी आणायच्या निमित्तानं. तो घास हातात धरून थांबायचा. ती वैतागून परत बसायची. तिचा पायाचा व्यायाम आणि त्याचं चालणं एकाच वेळेला सुरू झालं. मशीनवरचे गठ्ठे चाराचे दोन झाले आणि तिला चष्मा लागला.

महिनाभरानं डॉक्टरिणीनं निकाल दाखवायला बोलावलं. कागदावर एकच वाकडी रेघ होती. काट्याची रेघ जेवणानंतर नेहमीच्या माणसापेक्षा जरा जास्त चढत होती, जरा उशिरा उतरत होती, पण उतरत होती. नसा नसलेलं ते यकृत, कुणी न सांगता, नुसत्या रक्तावरून अंदाज घेत, आपलं काम उरकत होतं. कुणाकुणाच्या नसा काही वर्षांनी थोड्या परत फुटतात, असंही ती म्हणाली. त्याच्या फुटतील का, ते सांगता येत नाही.

"आणि माझी रेघ?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरीण अवघडली. "तुमची... तुमची घेता आली नाही. तुलनेसाठी निरोगी माणूस लागतं ना. नियमाप्रमाणे तुम्हाला अभ्यासातून बाद करावं लागलं."

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. मधुमेह निघाला तेव्हाही ती एवढी चकित झाली नव्हती. "बाद? नऊ-दहा वेळा रक्त काढलंत माझं! त्या पेल्याभर साखरपाण्यानं मला इस्पितळात घातलंत, आणि वर बाद?"

"नियम आहे हो."

"मग आता ह्यांच्या रेघेशेजारी कुणाची लावणार?"

शेवटी मेहुण्याला धरून आणलं. तो तयारच नव्हता. रोज बोकड फोडणारा माणूस, पण परिचारिकेनं सुई उघडल्याबरोबर पांढराफटक पडला आणि खुर्चीतून घरंगळत खाली आला. दोन जणांनी उचलून त्याला पलंगावर घातलं. तो शुद्धीवर आला तेव्हा नळी लागलेली होती आणि ट्रे समोर होता. रडवेल्या तोंडानं त्यानं पाव चावायला सुरुवात केली.

"ताई, माझ्यात पण काही निघालं तर?"

"निघालं तर निघालं," बायको म्हणाली. "आधी ते अंडं संपव. आठ मिनिटं झालीत."

अकरा वाजले होते. तिच्या मधल्या खाण्याची वेळ झाली होती. काट्यानं पिशवीतून डबा काढला, तिच्या मांडीवर रुमाल पसरला आणि डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.